फवारलेले औषध मातीत कुठे जाते आणि किती काळ राहते: आपल्या जमिनीपुरता अंदाज कसा बांधावा

सोयाबीनवर मारलेले तणनाशक रब्बीच्या पिकाला नडेल का, हा प्रश्न दसऱ्याच्या सुमारास हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा औषधाची बाटली पाहून दिले जाते. बाटली हा अर्धाच पुरावा आहे. एकट्या कोल्हापूर जिल्ह्याचे उदाहरण घेतले तरी हे लक्षात येते. शिरोळकडची भारी, काळी, अल्कधर्मी जमीन आणि आजरा-चंदगडकडची तांबडी, आम्लधर्मी, जांभ्या खडकापासून झालेली जमीन या दोन्हींत तेच औषध त्याच मात्रेने फवारले, तरी एका जमिनीत ते पुढच्या हंगामापर्यंत रेंगाळू शकते आणि दुसरीत तोवर संपून जाते. यातली मेख अशी की कोणत्या जमिनीत रेंगाळेल आणि कोणत्या जमिनीत संपेल, हे औषधागणिक उलटते. म्हणून ‘हे औषध जमिनीत तीन महिने राहते’ अशा ठोकळेबाज विधानावर विसंबू नये. आपल्या जमिनीपुरता अंदाज बांधण्याची रीत पुढे दिली आहे.

आधी जमीन पाहा

मातीपरीक्षणाच्या अहवालातील तीन आकडे या कामाला लागतात: सामू (माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुनखडी. बहुतेक जण अहवालातील नत्र-स्फुरद-पालाश पाहून कागद घडी घालून ठेवतात. औषधाच्या दृष्टीने मात्र हे तीन आकडेच मोलाचे आहेत. चिकणमातीचे प्रमाण अहवालात नसेल, तर ते हाताने अजमावता येते. मूठभर माती ओली करून मळावी आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी पुढे सरकवावी. पट्टी तयारच झाली नाही तर जमीन रेताड समजावी, दोन-तीन सेंटिमीटरवर तुटली तर मध्यम, आणि पाच सेंटिमीटरच्या पुढे न तुटता लोंबत राहिली तर भारी.

यानंतर शेतात एका जागी कुदळीने दोन-अडीच फूट खोल खड्डा घ्यावा आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहावे. दख्खनच्या पठारावर हा खड्डा कोणत्याही अहवालाइतकाच महत्त्वाचा आहे, कारण माती वीतभर आणि तिच्याखाली थेट फुटका मुरूम अशी बरड जमीन असेल, तर औषधाला अडवून धरणारा थर तेवढ्या वीतभर मातीचाच असतो. त्याखाली भेगाळलेला बेसाल्ट आणि पुढे विहिरीचे पाणी.

येथे एक रूढ गैरसमज दूर केलेला बरा. काळी जमीन म्हणजे सेंद्रिय कर्बाने भरलेली जमीन, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब अनेकदा ०.५ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो आणि कोकणातील तांबड्या जांभ्या मातीत तो पुष्कळदा १ टक्क्याच्या वर जातो. अनेक औषधे मातीतील सेंद्रिय पदार्थाला चिकटतात. त्यांच्यासाठी रंगाला काहीच अर्थ नाही.

औषधाचे दोन आकडे

प्रत्येक औषधाबाबत दोन गोष्टी विचारायच्या: ते मातीला किती घट्ट चिकटते, आणि ते किती काळात निम्मे होते. पहिल्या गुणाला ‘केओसी’ हा आकडा आहे, दुसऱ्याला अर्धायुष्य म्हणतात. हे आकडे सहसा लेबलवर नसतात. ब्रिटनमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या खुल्या माहितीकोशात औषधाच्या तांत्रिक नावावरून ते सापडतात. व्यापारी नावाने शोधू नये, कारण एकाच व्यापारी नावामागे दोन-दोन घटकांचे मिश्रणही असते.

केओसी जितका मोठा, तितके औषध मातीला घट्ट धरून राहते. ॲट्राझिन या तणनाशकाचा केओसी सुमारे १००, इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचा सव्वादोनशेच्या आसपास, क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचा काही हजार आणि पेंडिमिथॅलिन या तणनाशकाचा सुमारे १७,००० आहे. नुसते आकडे पाहून फारसे कळत नाही, म्हणून एक हिशेब करून पाहू.

केओसीला सेंद्रिय कर्बाच्या टक्क्याने गुणून १०० ने भागले, की त्या विशिष्ट मातीत औषध किती चिकटेल याचा आकडा मिळतो. कर्ब ०.४ टक्के असेल, तर ॲट्राझिनसाठी हा आकडा ०.४ येतो. मातीची घनता १.३ आणि ओल घनफळाच्या ४० टक्के धरली, तर या आकड्याला ३.२५ ने गुणून त्यात १ मिळवायचा. उत्तर येते २.३. याचा अर्थ असा की पाणी मातीतून १०० सेंटिमीटर खाली सरकते, तेवढ्यात ॲट्राझिन १०० भागिले २.३, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर सरकते. कर्ब १.५ टक्के असलेल्या मातीत हेच ॲट्राझिन तेवढ्याच पाण्याबरोबर जेमतेम १७ सेंटिमीटर जाते. पेंडिमिथॅलिनचा हिशेब ०.४ टक्के कर्बाला धरून केला, तर ते अर्ध्या सेंटिमीटरपेक्षाही कमी सरकते. शेणखताने जमीन ‘औषध धरून ठेवते’ असे जे म्हटले जाते, त्यामागे हे साधे गणित आहे.

म्हणून चिकटणारे औषध विहिरीत सहसा उतरत नाही. मात्र मातीच वाहून गेली, तर तिच्यासोबत तेही ओढ्यात जाते. त्याला रोखायचे असेल तर बांध, समतल पेरणी आणि शेताच्या खालच्या अंगाला गवताचा पट्टा ठेवणे यांचा उपयोग होतो. न चिकटणाऱ्या औषधाला गवताचा पट्टा फारसा अडवत नाही, कारण ते पाण्यात विरघळून जमिनीच्या पोटातून जाते. तेथे पाण्याची मात्राच आवरावी लागते. इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम ठिबकमधून देताना औषध पाळीच्या सुरुवातीलाच सोडले आणि त्यावर दोन तास पाणी चालू ठेवले, तर औषध मुळांना ओलांडून खाली जाते. आधी साधे पाणी द्यावे, औषध शेवटच्या टप्प्यात सोडावे आणि नंतर फक्त नळ्या धुऊन निघतील एवढेच पाणी चालवावे.

भेगा: हिशेब मोडणारी गोष्ट

वरचा हिशेब माती एकसंध आहे असे गृहीत धरतो आणि काळी जमीन उन्हाळ्यात एकसंध नसते. मे महिन्यात भारी रानात बोटे सहज आत जातील अशा रुंद भेगा पडलेल्या असतात आणि त्या हातभर किंवा त्याहून खोल जातात. अशा रानात पेरणीच्या घाईत वळवाच्या पावसाआधी किंवा पहिल्याच पावसावर उगवणपूर्व तणनाशक मारले आणि त्यावर जोराची सर आली, तर पाणी मातीतून झिरपत नाही; ते भेगांतून सरळ खाली पडते आणि वरच्या थरातील औषध सोबत नेते. एरवी जागचे न हलणारे पेंडिमिथॅलिनसुद्धा मातीच्या कणांवर बसून या वाटेने दीड-दोन फूट खाली पोहोचू शकते. वर तण राहते आणि दोष औषधाच्या गुणवत्तेला दिला जातो.

यावर उपाय साधा आहे. पहिल्या दोन-तीन पावसांनी माती फुगून भेगा मिटू द्याव्यात, कुळवाची एक पाळी देऊन वरचा थर मोडून घ्यावा, वाफसा (पेरणीजोगी ओल) येताच पेरणी करावी आणि मगच औषध घ्यावे. पेंडिमिथॅलिनबाबत आणखी एक पथ्य पाळावे लागते. ओल्या जमिनीवर भर दुपारी उन्हात फवारले, तर त्याचा बराच भाग वाफ होऊन उडून जातो, म्हणून सायंकाळची वेळ धरावी.

सामू: येथे औषधे उलटी वागतात

सोयाबीनमधील दोन तणनाशके शेजारी ठेवून पाहू. क्लोरिम्युरॉन इथाइल हे सल्फोनिलयुरिया गटातील आहे आणि त्याची मात्रा हेक्टरी केवळ ९ ग्रॅम क्रियाशील घटक इतकी असते. इमॅझेथापायर हे इमिडाझोलिनोन गटातील असून त्याची पूर्ण मात्रा हेक्टरी १०० ग्रॅम क्रियाशील घटक आहे. दोन्ही औषधे तणातील एकच विकर (एन्झाइम) बंद पाडतात, त्यामुळे शेतकरी त्यांना एकाच माळेतले मणी समजतात. मातीत मात्र त्यांची चाल वेगळी आहे.

क्लोरिम्युरॉनचा रेणू आम्लधर्मी ओलीत आपोआप फुटतो. सामू साडेपाच-सहा असलेल्या तांबड्या मातीत सूक्ष्मजीव आणि हे रासायनिक विघटन असे दोघे मिळून त्याचा निकाल लावतात. सामू सातच्या वर गेला, की रासायनिक फुटणे जवळजवळ थांबते आणि सारे काम सूक्ष्मजीवांवर येऊन पडते. शिवाय अल्कधर्मी मातीत हा रेणू ऋण भार धारण करतो. चिकणमातीच्या कणांवरही ऋण भारच असतो, त्यामुळे माती त्याला दूर लोटते आणि तो पाण्याबरोबर मोकळा फिरतो. म्हणजे सामू ८ असलेल्या चुनखडीच्या रानात हे औषध टिकतेही आणि खालच्या थरात सरकतेही. गव्हात हेक्टरी ४ ग्रॅम क्रियाशील घटक या मात्रेने वापरले जाणारे मेटसल्फ्युरॉन मिथाइल याच गटातले असल्याने त्यालाही हेच लागू आहे.

इमॅझेथापायर अल्कधर्मी जमिनीत मोकळे राहते हे खरे, पण त्याला मोडणारे मुख्यतः सूक्ष्मजीव असल्यामुळे मोकळे असणे म्हणजे त्यांच्या तोंडी लागणे होय. आम्लधर्मी मातीत ते कणांना चिकटून बसते, सूक्ष्मजीवांच्या हाती लागत नाही आणि म्हणून अधिक काळ शिल्लक राहते. थोडक्यात, शिरोळच्या रानात क्लोरिम्युरॉनची काळजी अधिक घ्यावी लागते आणि आजऱ्याच्या रानात इमॅझेथापायरची.

भारी माती प्रत्येक औषधाला दूर लोटते, असेही समजू नये. पॅराक्वाटचा रेणू धन भाराचा असल्याने काळ्या मातीतील चिकणमाती त्याला आपल्या पापुद्र्यांमध्ये अक्षरशः कोंडून ठेवते. ते वर्षानुवर्षे मातीत राहते, पण हलत नाही आणि पिकाला लागतही नाही. ग्लायफोसेट स्फुरदासारखे वागते आणि लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना धरते, म्हणून जांभ्या मातीत त्याची पकड विशेष घट्ट असते.

अर्धायुष्याचा हिशेब, आणि तो कुठे फसतो

एक हेक्टर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ढोबळमानाने २० लाख किलो भरते. त्यात १०० ग्रॅम इमॅझेथापायर पडले, तर किलोला ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ५० पीपीबी होतात. जुलैच्या सुरुवातीला फवारणी आणि ऑक्टोबरच्या मध्यावर रब्बीची पेरणी, असे मध्ये सुमारे १०० दिवस धरू. अर्धायुष्य २५ दिवसांचे असेल तर चार वेळा निम्मे होऊन ३ पीपीबी उरतात. ५० दिवसांचे असेल तर १२ पीपीबीच्या वर. उगवणीनंतर फवारताना काही औषध पानांवरच अडते, म्हणून हा आकडा थोडा चढा समजावा.

आता २५ धरायचे की ५०, हे ठरवते ओल. उष्णतेने औषध लवकर मोडते हे बरोबर आहे. तापमान दहा अंशांनी वाढले तर विघटनाचा वेग साधारण दुप्पट होतो. पण कोरड्या मातीत सूक्ष्मजीव काम करत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात ४२ अंशांत भाजणाऱ्या कोरडवाहू रानात औषध मोडत नाही, नुसते पडून राहते. म्हणून उन्हाळ्याचे महिने हिशेबात धरायचेच नाहीत. ऑगस्टमध्ये महिनाभर उघडीप पडली असेल तर तेही दिवस वगळावेत. पावसात मोठा खंड पडलेल्या वर्षी मागील पिकाच्या तणनाशकाचा त्रास अधिक दिसतो, त्याचे कारण हेच. उलट दरवर्षी त्याच उसात किंवा मक्यात ॲट्राझिन मारत गेल्यास त्यावर पोसणारे जिवाणू मातीत वाढतात आणि औषध इतके लवकर संपते की तण आटोक्यात येत नाही.

मूळ औषध संपले म्हणजे सारे संपले, असेही नाही. खेडोपाडी ‘थायमेट’ म्हणून ओळखले जाणारे फोरेट २०२० अखेरपासून वापरास बंद झाले. ते मातीत पडल्यावर ज्या दोन संयुगांत बदलत असे, ती मूळ औषधापेक्षा अधिक टिकणारी आणि अधिक फिरणारी होती. थायामेथोक्झामही मातीत काही प्रमाणात क्लोथियानिडिन या दुसऱ्या कीटकनाशकात बदलते.

कुंडीतील चाचणी

हिशेबाने शंका निर्माण होते; तिचे निरसन रोप करते. क्लोरिम्युरॉनचे ९ ग्रॅम सुरुवातीलाच मातीत जेमतेम साडेचार पीपीबी होतात आणि या गटातील औषधांनी संवेदनशील पिकांना एक पीपीबीहून कमी अवशेषानेही इजा होऊ शकते. इतके सूक्ष्म प्रमाण शोधणे प्रयोगशाळेलाही महागात पडते. मोहरीचे बी ते फुकट दाखवते.

रब्बीच्या पेरणीआधी किमान चार आठवडे ही चाचणी सुरू करावी. फवारलेल्या शेतातून आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी. ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर वेगळे ठेवावेत, कारण सरकणारे औषध वर नसले तरी खाली असू शकते. पंप जेथे भरला आणि जेथे पाळीची वळणे येतात, तेथील माती वेगळ्या पिशवीत घ्यावी. दुहेरी फवारा बसलेला असतो तो तेथेच. तुलनेसाठी त्याच जातीची, पण औषध न पडलेली माती हवी. बांधालगतची घ्यायची झाली तर फवारा तेथवर उडाला नव्हता याची खात्री करावी. माती उन्हात वाळवू नये.

दह्याचे रिकामे डबे बुडाला भोके पाडून वापरले तरी चालते. प्रत्येक मातीचे तीन डबे भरावेत आणि प्रत्येकात मोहरीचे दहा दाणे व दुसऱ्या संचात काकडीचे पाच दाणे टोकावेत. जे पीक घ्यायचे आहे त्याचेही बी एका संचात अवश्य लावावे. पाणी मोजून, सर्वांना सारखे द्यावे आणि डबे उजेडात ठेवावेत. सावलीत रोपे लांबुडकी व पिवळी होतात आणि निदान चुकते.

पहिल्या आठवड्यात उतावीळ होऊ नये. क्लोरिम्युरॉन, मेटसल्फ्युरॉन किंवा इमॅझेथापायर शिल्लक असले तरी बी नीट उगवते, बीजपत्रेही हिरवी दिसतात; खोट पुढे, खरे पान फुटण्याच्या वेळी दिसते. शेंडा थबकतो, कोवळा भाग पिवळा किंवा जांभळट होतो, आणि रोप उपटून मुळे धुतली तर उपमुळे आखूड व खुरटलेली, बाटली धुण्याच्या ब्रशासारखी दिसतात. ॲट्राझिनचा अवशेष असेल तर लक्षण खालच्या, जुन्या पानांच्या कडांपासून सुरू होते: कडा पिवळ्या पडतात, मग करपतात. पेंडिमिथॅलिनमध्ये मुळांची टोके गाठीसारखी सुजतात. तीन आठवडे पूर्ण होईपर्यंत डबे मोडू नयेत.

रोपे खुरटली, पण कारण औषध की क्षार, असा पेच चोपण व खारवट जमिनीत नेहमी पडतो. त्यासाठी फवारलेल्या मातीच्या आणखी तीन डब्यांत प्रत्येकी चहाचा एक चमचा सक्रिय कोळशाची पूड मिसळावी. कोळसा औषधाला पकडतो, क्षारांना नाही. कोळशाच्या डब्यातील रोपे सुधारली तर दोष औषधाचा. तशीच खुरटली तर दुसरे कारण शोधावे. मला स्वतःला ही तिसरी रांग सर्वांत उपयोगी वाटते आणि नेमकी तीच बहुतेक जण कंटाळा करून टाळतात.

चाचणीत इजा दिसली तर पीक बदलावे. इमॅझेथापायरच्या रानात ज्वारी, मोहरी आणि बीट ही संवेदनशील पिके टाळून कडधान्याकडे वळणे सुरक्षित असते. पीक बदलणे शक्य नसेल तर ओलवणीचे एक पाणी देऊन, वाफशावर मशागत करून, कुजलेले शेणखत मिसळून पेरणी दोन-तीन आठवडे पुढे ढकलावी आणि पुन्हा डबे लावावेत.

ज्याला अर्धायुष्यच नाही

बोर्डो मिश्रण या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातील तांबे मोडत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि गोवा-सिंधुदुर्गातील पोफळीच्या कुळागरांत ते पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहे. १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद हे एक टक्क्याचे मिश्रण हेक्टरी १,००० लिटर फवारले, तर १० किलो मोरचूदातून अडीच किलो तांबे जमिनीवर येते. वर्षाला चार फवारण्या आणि वीस वर्षे धरली, तर २०० किलो, म्हणजे वरच्या थरात १०० पीपीएमची (किलोला १०० मिलिग्रॅम) भर. चुनखडीच्या जमिनीत ते बरेचसे निष्क्रिय पडून राहते; पोफळीखालच्या आम्लधर्मी मातीत मात्र मुळांना आणि गांडुळांना जाचू शकते. बेसाल्टमध्ये मुळातच तांबे पुष्कळ असल्याने एकूण तांब्याचा आकडा फसवतो. प्रयोगशाळेत डीटीपीए पद्धतीने उपलब्ध तांबे तपासून घ्यावे आणि तो आकडा दर तीन वर्षांनी ताडून पाहावा.

हापूसच्या बागेत मोहोरासाठी दिले जाणारे ‘कल्टार’, म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, मोडते खरे, पण फार हळू. झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिलिलिटर ही रूढ मात्रा दरवर्षी डोळे झाकून देण्याऐवजी आळ्यातील मातीवर वरीलप्रमाणेच काकडीची चाचणी घ्यावी. पेरे आखूड आणि पाने गर्द हिरवी झाली तर मागचा साठा अजून आहे, असे समजून मात्रा कमी करावी.

विहिरीपाशी

वीस फूट व्यासाच्या विहिरीत बारा फूट पाणी असेल, तर ते सुमारे एक लाख लिटर भरते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ॲट्राझिनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे. काठावर पंप धुताना ५० टक्के भुकटीतील केवळ दोन ग्रॅम त्या विहिरीत गेली, तरी प्रमाण लिटरला १० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या पाचपट.  म्हणून औषध कालवणे आणि पंप धुणे विहिरीपासून शक्य तितक्या दूर, उताराच्या खालच्या अंगाला, माती खोल असलेल्या जागी करावे. धुवण फवारलेल्याच शेतात, पण दरवेळी वेगळ्या ओळीत शिंपडावे. मुरूम उघडा पडलेल्या जागी किंवा पाटाच्या कडेला ते कधीही ओतू नये.